कुशीला बसवलेली खिडकी

कॅनडातल्या विनिपेगमध्ये, मॅनिटोबा विद्यापीठात, हेन्रिक रिगाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण मेंढीच्या कुशीला एक खिडकी बसवली. पारदर्शक प्लेक्सिग्लासची, दुहेरी भिंतीची. मराठीत कूस म्हणजे शरीराची बाजूही आणि गर्भाशयही. या मेंढीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच जागी आले. शस्त्रक्रिया झाली, भूल उतरली, मेंढी उठून उभी राहिली आणि संशोधक तासन्‌तास त्या खिडकीशी बसू लागले. आत पाण्यात तरंगणारे कोकरू दिसत होते. ते पाय ताणत होते, पाणी गिळत होते, हवा नसतानाही छातीने श्वासाची तालीम करत होते. जागेपणाची खूण काय धरायची हे त्यांनी साधेपणाने ठरवले होते: डोळे उघडे हवेत आणि डोके काहीतरी हेतूने हलायला हवे. १९८६ साली त्यांचा निबंध छापून आला. त्यात नोंद अशी की, जागेपणा दिसला नाही.

ही नोंद कीर्तनात वाढलेल्या माणसाला खटकावी अशी आहे. बुवा सांगतात ती कथा नेमकी उलटी असते. गर्भात जीव ‘सोऽहम्’ म्हणत असतो, बाहेर पडला की ‘कोऽहम्, कोऽहम्’ करत रडतो. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, गर्भातल्या जीवाची जी हकीकत सांगतात ती तर अंगावर काटा आणणारी आहे. त्याला कृमी चावतात, आईने खाल्लेले तिखट-खारट त्याच्या कोवळ्या अंगाला झोंबते, त्याला हलायला जागा नसते. सातव्या महिन्यात त्याला जाण येते, मागचे जन्म आठवतात, आणि तो देवाला हात जोडतो. गर्भोपनिषदही हेच सांगते. नवव्या महिन्यात जिवाला पूर्वजन्मांतले बरे-वाईट सगळे आठवते; जन्मताना वैष्णव वायूचा स्पर्श होतो आणि तो सगळे विसरतो.

म्हणजे परंपरेच्या हिशेबाने गर्भ जागा आहे आणि जन्म ही भूल. मेंढ्यांचा अभ्यास करणारे म्हणतात, गर्भातच भूल आहे आणि जन्म ही जाग. ‘भूल’ या एका शब्दात विसरणे, चुकणे आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात ती, असे तिन्ही अर्थ बसवणाऱ्या भाषेत हा वाद मांडायला सोपा जातो. सोडवायला मात्र नाही.

वैज्ञानिकांच्या बाजूची सर्वांत पद्धतशीर मांडणी न्यूझीलंडची. डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली, मुख्यतः मेंढ्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे, असे म्हटले की गर्भ जन्मापूर्वी कधी जागाच होत नाही. त्याला झोपवून ठेवणारी एक अख्खी यंत्रणा असते. पोटातल्या कोकराच्या रक्तात प्राणवायूचा दाब प्रौढ मेंढीच्या चौथाईच्या आसपास असतो. ॲडेनोसिन नावाचे रसायन भरपूर असते. तेच, ज्याला अडवून आपला सकाळचा चहा आपल्याला शुद्धीवर आणतो. वारेतून आणि गर्भाच्या स्वतःच्या मेंदूतून प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातली स्टेरॉइडे येतात, आणि ती गुंगी आणतात. ऊब, पाण्याचा तरंग आणि सगळीकडून येणारा मऊ दाब यांची त्यात भर. नाळ तुटली, थंडी लागली, फुप्फुसांत हवा शिरली की ही सगळी पांघरुणे काही मिनिटांत निघून जातात, आणि तेव्हा कुठे कोकरू जागे होते.

स्टेरॉइडांची गुंगी ही कविकल्पना नव्हे. हान्स सेल्ये यांनी १९४१ सालीच दाखवले होते की प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके भरपूर टोचली की उंदीर बेशुद्ध होतात. १९७४ साली रिचर्ड पालाहन्यूक, सोल श्नायडर आणि एडमंड एगर यांना आढळले की गाभण मेंढीला भूल द्यायला बिगरगाभण मेंढीपेक्षा कमी औषध पुरते: हॅलोथेन २५ टक्क्यांनी कमी, आयसोफ्ल्युरेन तर ४० टक्क्यांनी. म्हणजे पोटातल्या झोपेचा एक पदर आईच्याही अंगावर असतो, असे म्हणायला जागा आहे. पोटुशी बाई दुपारी बसल्या जागी पेंगते तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या ‘आता दोन जिवांची आहे ती’ म्हणतात, आणि ते बरोबरच असते. याच घराण्यातले ॲलोप्रेग्नॅनोलोन २०१९ साली अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषध म्हणून मान्य झाले. वार पडली की त्याचा पुरवठा एकदम तुटतो. तो काही काळ शिरेतून परत सुरू करायचा, अशी त्यामागची कल्पना.

पण मेंढीला प्रत्यक्ष भूल द्यायची तर काय करावे लागते, हे जरा जवळून पाहायला हवे. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट उपाशी ठेवूनही रिकामे होत नाही. लाळ गळतच राहते, म्हणून श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालतात आणि डोके असे उतरते ठेवतात की लाळ तोंडातून बाहेर ओघळावी, घशात नको. झोपलेल्या मेंढीला ढेकर देता येत नाही. पोटात वायू साचून ते फुगते आणि फुप्फुसांना दाबते, म्हणून दुसरी नळी पोटात. उताणी ठेवली तर भरलेले गर्भाशय पाठीतल्या मोठ्या शिरेवर बसते आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते, म्हणून तिला थोडी कुशीवर कलती करायची. एवढे सांभाळल्यावर मग वायू. तो आईच्या फुप्फुसातून रक्तात, रक्तातून वारेत आणि वारेतून कोकरात जातो. कोकरात जरा उशिरा आणि हळूहळू चढतो.

पालाहन्यूक आणि श्नायडर यांनी १९७४ सालीच दुसरी गोष्ट मोजली. भूल माफक खोल असली तर आईचा रक्तदाब थोडाच उतरतो आणि कोकराचे बरे चालते. ती दुप्पट खोल केली की आईचा दाब कोसळतो, गर्भाशयाकडे जाणारे रक्त आटते, कोकराला प्राणवायू कमी पडतो आणि त्याच्या रक्तात आम्ल साचते. आईला जास्त ‘शांत’ करण्याची किंमत आतले जनावर चुकवते. मूल पोटात असताना ज्या बायकांवर शस्त्रक्रिया होते, त्यांच्या भूलतज्ज्ञांना आज जे सांभाळायला शिकवतात त्यातले पुष्कळसे या मेंढ्यांकडून आले आहे.

इथे एक मेख आहे, आणि धार्मिक प्रश्न या मेखेतच अडकलेला आहे. ‘दुप्पट खोल’ म्हणजे कशाच्या दुप्पट? भुलेचे माप असे ठरते: चिमटा घेतला किंवा चीर दिली असता निम्मी जनावरे ज्या मात्रेला हलत नाहीत, ती एक मात्रा. १९८३ साली जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी हेच माप पोटातल्या कोकराचे काढले. हॅलोथेनची मात्रा आईच्या निम्म्याच्या आसपास भरली. ऐकून बरे वाटते: आई झोपली असेल तर कोकरू त्याहून गाढ. पण हे माप न हलण्याचे आहे, न जाणवण्याचे नाही. १९९३ साली आयरा रॅम्पिल यांनी उंदरांच्या मेंदूचा पुढचा भाग काढून टाकला आणि मग मात्रा मोजली. ती बदललीच नाही. न हलणे हे मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे काम निघाले. ज्या मेंदूत ‘दुखतंय’ म्हणणारे कोणी राहत असेल, त्याची या मापाला गरजच नव्हती.

मग ते कोणी आहे की नाही, हे विचारायचे कुणाला?

गाढ झोपेवर आपल्याकडे जितके काटेकोर भांडण झाले तितके क्वचितच कुठे झाले असेल. माणूस झोपून उठतो आणि म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळलं नाही.’ अद्वैती म्हणतो, काही कळले नाही हे तुला कसे कळले? आठवण अनुभवाचीच होते, तेव्हा सुषुप्तीतही कोणीतरी साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतो, छे, ती आठवण नव्हे, अनुमान आहे. रात्री आडवा झालो, आता उजाडले आहे, अंग हलके आहे, मधले काही सापडत नाही, तेव्हा झोपलो असणार. दोघेही धरून चालतात की उठल्यावर माणूस काही बोलेल. पतंजलींनी तर झोपेला चित्ताची एक वृत्ती म्हणूनच यादीत घातले.

दोघांनाही भूल ठाऊक नव्हती. शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत उभे राहून ऐकावे: शुद्धीवर येणारा माणूस सहसा ‘छान झोप लागली’ म्हणत नाही, तो विचारतो, ‘झालं का ऑपरेशन? कधी?’ मधले दोन तास त्याच्या हिशेबात नसतातच. झोपेतून उठणाऱ्याला वेळ गेल्याची थोडीफार चाहूल असते, भुलीतून उठणाऱ्याचा बहुधा सांधा निखळलेला असतो. साक्षीचा युक्तिवाद ज्या आठवणीवर उभा आहे, ती आठवणच इथे गैरहजर. यावरून साक्षी नव्हता असे ठरत नाही, हे अद्वैती लगेच सांगेल, आणि तर्काने तो चूक नाही. पण मेलर यांच्या कोकराची अवस्था या दोहोंपैकी कोणती, हे विचारायला हवे. त्याच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरी गर्भाच्या शेवटच्या टप्प्यात दोन प्रकारच्या झोपांत विभागलेल्या दिसतात, म्हणजे झोप. पण प्राणवायू आणखी तोडला, कानाशी आवाज केला तरी ते जागे होत नाही, उलट अधिकच स्तब्ध होते, म्हणजे भूल. ज्या झोपेतून उठवताच येत नाही, तिला झोप म्हणणे ही भाषेची सवलत आहे. मेलर यांच्या मांडणीतला हा सर्वांत कच्चा दुवा वाटतो.

त्यांच्याही आधी केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी वेगळेच काही पाहिले होते. न्यूरीच्या क्वेकर घराण्यातला हा माणूस. विरळ प्राणवायूत शरीराचे काय होते हे कळावे म्हणून १९२० साली तो स्वतः सहा दिवस काचेच्या खोलीत राहिला होता, तेव्हा गर्भाच्या हवेची चव त्याने थोडीफार घेतलेली होती म्हणायची. १९३०च्या दशकात त्याने आणि डोनाल्ड बॅरन यांनी मेंढीच्या कण्यात भूल देऊन, मागचा भाग बधिर करून, तिला कोमट मिठाच्या पाण्यात ठेवले आणि पाण्याखालीच गर्भाशय उघडले. साधारण १४७ दिवसांच्या गर्भकाळातल्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास कोकराच्या तोंडाला स्पर्श केला की ते अंगभर झटके देई. आणखी काही आठवड्यांनी मात्र ते निमूट होत जाई. हालचालीची ताकद गेलेली नसे. मेंदूच्या वरच्या भागांनी ती आवरून धरलेली असे. त्या भागांचा संबंध तोडला की झटके परत येत. स्तब्धता हे रिकामेपण नव्हते, ते एक काम होते.

जैन वाचकाला इथे कल्पसूत्र आठवेल. महावीर त्रिशलेच्या पोटात असताना आईला त्रास होऊ नये म्हणून हलायचे थांबले. आईला वाटले, गर्भ गेला. महालातले गाणे-बजावणे बंद पडले. तिचा शोक जाणून त्यांनी थोडीशी हालचाल केली, आणि आई-वडील हयात असेतो घर सोडणार नाही असे तिथेच ठरवले. कथेतली करुणा आणि मेंदूतला निरोध यांना एकच ठरवण्याचा उद्योग कोणी करू नये. तरी ‘हलत नाही म्हणून तिथे कोणी नाही’ हा निष्कर्ष दोघांनीही खोडून काढला, एवढे खरे.

कायद्याला इतका वेळ नसतो. न्यूझीलंडच्या १९९९च्या प्राणिकल्याण कायद्याने सस्तन प्राण्याचा गर्भ गर्भकाळाच्या उत्तरार्धात ‘प्राणी’ मानला. मेंढीच्या बाबतीत साधारण चौऱ्याहत्तराव्या दिवसापासून. युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशाने प्रयोगांपुरती ती रेघ शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यावर ओढली, म्हणजे अठ्ठ्याण्णवाव्या दिवसाच्या आसपास. तेच कोकरू ऐंशीव्या दिवशी एका देशात कोणीतरी असते आणि दुसऱ्यात आईचा अवयव. यावर हसणे सोपे आहे, पण चेतना नेमकी कधी येते यावर आपले ग्रंथ तरी कुठे एकमत आहेत? सुश्रुताने चौथा महिना धरला: हृदय व्यक्त होते, इच्छा उमटतात, बाई दोन हृदयांची होते, आणि त्या दौहृदातून आपले डोहाळे आले असे मानतात. गर्भोपनिषदाने जीव सातव्यात आणला.

कत्तलखान्यात तर प्रश्न मिनिटांवर येतो. गाभण मेंढी कापली गेली तर कोकरू लगेच बाहेर काढायचे नाही, मानेवर सुरी चालल्यावर काही मिनिटे गर्भाशय तसेच राहू द्यायचे, असे जागतिक प्राणी आरोग्य संघटनेचे निर्देश आहेत. कारण मेलर सांगतात तेच. त्याच्या फुप्फुसात हवा गेली नाही तर ते जागे होणार नाही, आणि जागे झाले नाही तर त्याला मरण कळणार नाही. पहिला श्वास, जो सगळ्या जगात आनंदाचा, तो इथे टाळायची आपत्ती ठरतो.

वैदिक पशुयागात पशूचा श्वास कोंडून त्याला मारीत, आणि त्या कृतीचे नाव होते संज्ञपन: संमती मिळवणे, राजी करणे. मारणारा तो शमिता, शांत करणारा. ऋत्विज तेव्हा तोंड फिरवून आहवनीय अग्नीकडे पाहत, डोळ्यांदेखत काही घडू नये म्हणून. भुलेचा आपला आजचा पुस्तकी शब्द आहे संज्ञाहरण. दोन्ही शब्दांत संज्ञा तीच. एकाने ती राजी करून घेतल्याचे नाटक केले, दुसरा ती काढून घेतो आणि तसे उघड सांगतो. दुसरा अधिक प्रामाणिक, असे इथे म्हणायला हरकत नाही. विनिपेगवाल्यांनी तर पाठ फिरवण्याऐवजी खिडकी बसवली.

मेलर यांच्या मांडणीवर विसंबण्याआधी एक प्रसंग लक्षात ठेवावा लागतो. १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या बाळांवर पुष्कळदा स्नायू सैल करणारे औषध आणि नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. मज्जातंतू पुरते पिकलेले नाहीत, त्यांना काय जाणवणार, अशी समजूत होती. इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजित सिंग आनंद यांनी १९८७ साली दाखवले की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या रक्तातला ताण कमी असतो आणि ती शस्त्रक्रियेनंतर बरी निभावतात. न हलणारे बाळ म्हणजे न दुखणारे बाळ, हे समीकरण तिथे मोडले. पुढे पोटातल्या मानवी गर्भाला सुई टोचली असता त्याच्या रक्तातही ताणाची संप्रेरके चढतात हे लंडनमध्ये दिसले. संप्रेरके म्हणजे वेदना नव्हे, हे मेलर यांचे उत्तर योग्य आहे. पण आनंद यांच्या आधीच्या शल्यविशारदांचे उत्तरही तेव्हा योग्यच वाटत होते. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१० साली गर्भ झोपेसारख्या अवस्थेत असतो असे म्हटले. २०२० साली स्टुअर्ट डर्बिशायर आणि जॉन बॉकमन यांनी वेदना बाराव्या आठवड्याइतक्या लवकरही शक्य असू शकेल असे लिहिले. गंमत म्हणजे या दोघांपैकी एक गर्भपाताच्या हक्काचा समर्थक, दुसरा विरोधक. एरवी या विषयावर माणूस आधी पक्ष निवडतो आणि मग मेंढी शोधतो.

या मेंढ्यांचे देणे थोडेथोडके नाही. ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स यांना १९६९ साली असे एक कोकरू दिसले, जे खूप आधी जन्मूनही श्वास घेत होते. त्याला गर्भात असताना स्टेरॉइड दिलेले होते. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी ते औषध २८२ मातांवर तपासून १९७२ साली निकाल छापला. आज कुठल्याही मोठ्या प्रसूतिगृहात अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असे दिसले की आईला ते इंजेक्शन देतात. १९९५ साली गर्भातल्या कोकरांच्या पाठीचा कणा पंचाहत्तराव्या दिवशी उघडा करून शंभराव्या दिवशी झाकला गेला. त्यातून मानवी गर्भाच्या पाठीवरची शस्त्रक्रिया उभी राहिली. ती कोकरे दोनदा भुलीखाली गेली, एकदा इजा करण्यासाठी आणि एकदा ती बुजवण्यासाठी.

२५ एप्रिल २०१७ रोजी फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या एमिली पार्ट्रिज, मार्कस डेव्ही आणि ॲलन फ्लेक यांचा निबंध आला. १०५ ते १२० दिवसांची कोकरे शस्त्रक्रियेने बाहेर काढून त्यांनी पारदर्शक पिशवीत, गर्भजलासारख्या द्रवात ठेवली होती. नाळ जोडली होती ती प्राणवायू पुरवणाऱ्या यंत्राला, आणि रक्त फिरवत होते कोकराचे स्वतःचे हृदय. असे चार आठवड्यांपर्यंत. मेलर यांच्या यादीतली बरीच पांघरुणे तिथेही होती: ऊब, पाणी, हवा नसलेली फुप्फुसे. पण वार नव्हती, आणि वारेतून येणारी गुंगीही नव्हती. जी काही उरली ती मेंदूची स्वतःची. पिशवीतल्या कोकरांच्या अंगावर हळूहळू लोकर दाटली. ती गिळत होती, श्वासाची तालीम करत होती, आणि प्लास्टिकच्या आतून त्यांचे डोळे उघडले होते.